राउटरसाठी घातलेलं गाऱ्हाणं

प्रिय जुईबाय,

सगळ्यात आधी कोण टपकली असेल, तर आपली मनू. तुझे मित्र रविवारी अकरा वाजता राउटर बघायला येणार, एवढंच मी सकाळी गॅलरीत कपडे वाळत घालताना बोलून गेले, तर ही बाई दहालाच दारात. केसांना तेल लावून, चापूनचोपून साडी नेसून, हातात रिकामी वाटी. साखर हवी होती म्हणे. तिच्याकडे साखरेचा डबा गळ्यापर्यंत भरलेला असतो हे मला ठाऊक, आणि मला ठाऊक आहे हे तिला ठाऊक. पण चाळीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहिल्यावर असल्या गोष्टी बोलायच्या नसतात. वाटी घेऊन बसली ती बसलीच. तिला राउटरशी काय देणंघेणं, तिला मुलगा बघायचा होता. जुईचा मित्र, त्यात गिरगावातला, म्हणजे काय ते तिने मनात पक्कं करून टाकलेलं. मी म्हटलं, अगो, त्याची बहीण पण येतेय सोबत. तर म्हणते, मग तर झालंच, बघायलाच येतायत. मी तुला काही विचारत नाही हां, जुई. पण मुलगा उंच आहे.

आली दोघं अकराला पाच कमी असताना. यशोधनच्या कपाळाला आपल्या दाराची चौकट लागली, तर तो चौकटीलाच सॉरी म्हणाला. मला तिथेच आवडला. देविकाने खरवसाच्या वड्या आणलेल्या, त्या आधी देवापुढे ठेवू का म्हणून विचारलंन. दोघं मला अहो आजी म्हणतात. आपल्या चाळीत मला अहो म्हणणारा फक्त पोस्टमन, तोही जुना, नवा येतो तो मावशी म्हणतो. मनू तर पहिल्यांदा मागे वळून बघायला लागली, की अहो म्हणजे कोण आलंय आणखी. चहा झाला, वड्या झाल्या, तुझं कौतुक झालं. यशोधन सांगत होता की कॉलेजात कुणाचं काही बिघडलं की जुईकडे आणून टाकतात. मी त्याला सांगितलं, हे आत्ताचं नाही रे बाबा, सहा वर्षांची असताना हिने आजोबांचा ट्रान्झिस्टर उघडला होता, आणि स्क्रू हरवू नयेत म्हणून देवाच्या ताम्हनात ठेवले होते. मी सकाळी पूजेला बसले तर ताम्हनात बाळकृष्णाभोवती सात स्क्रू. तुझे आजोबा किती हसले होते. पुढे तो ट्रान्झिस्टर वाजला कधी नाही, पण त्यांनी तुला एका शब्दाने बोललं नाही. उलट येईल त्याला दाखवायचे, हा आमच्या नातीने उघडला.

बघ, मी भरकटले. तुला हे सगळं माहीत आहे, हा सगळा बेत तुझ्याच डोक्यातून निघालेला. तरी पहिल्यापासून लिहिते, कारण पहिल्यापासून लिहिलं नाही तर मला शेवटापर्यंत जाता येणार नाही.

गेल्या दिवाळीत जिन्यात माझा पाय सरकला तेव्हा तुझा बाबा म्हणाला, आई, आता बस झालं, कल्याणला चल. मी नाही म्हटलं. दोन दिवस आमचं चाललं होतं. सीमासुद्धा रडली, तिला वाटलं मला तिच्याकडे राहायचं नाही. तसं नाही गं. सून म्हणून मला सोन्यासारखी मिळाली. पण तुमचं घर चौदाव्या मजल्यावर, सकाळी आठला सगळी बाहेर पडतात, दार आपोआप लागतं नि आतून बाहेरचं काही ऐकू येत नाही. मी वीस दिवस राहिले होते ना, तेव्हा लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली की मी उठून दारापाशी जायची, कोणी आलं असेल म्हणून. कोणी यायचं नाही. त्या वीस दिवसांची मला अजून धडकी भरते. आपल्या लालबागच्या खोलीत मी सात वाजेपर्यंत गॅलरीत दिसले नाही तर मनू भिंतीवर थापा मारते. शेवटी तूच मधे पडलीस नि कॅमेऱ्याचं काढलंस. बाबा म्हणाला ठीक, पण त्याने अट घातली. रोज दिसत राहिलीस तर राहा. एकदा जरी पडलेली दिसलीस, नाहीतर दिसायचीच बंद झालीस, की दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन येतो आणि खोलीला कुलूप. तुझ्या बाबाचं बोलणं तुला माहीत आहे. त्याच्या वडिलांसारखंच, कमी आणि पक्कं.

तेव्हापासून तो पांढरा कॅमेरा शोकेसवर बसलाय. बाबा तिकडे कल्याणला मोबाइलवर बोट फिरवतो नि इकडे त्याची मान किर्र करून वळते. मी लगेच पदर सारखा करते, ताठ बसते, काहीतरी निवडायला घेते. पाठीला खाज आली तरी खाजवत नाही. दहा महिने झाले, पण ती किर्र ऐकली की अजून दचकते. कोणाला सांगू हे. मुलगा बघतो म्हणून आई घाबरते, हे ऐकायलाही वाईट दिसतं.

आणि आपला राउटर पडला जुना, आजोबांनी असताना घेतलेला. दुपारी एक वाजला की त्याला गुंगी यायची. तू मला समजावलं होतंस, चाळीतल्या पन्नास खोल्यांचे पन्नास राउटर एकाच वेळी बोलतात, त्यात आपल्या म्हाताऱ्याचा आवाज दबतो. एक ते चार मी बाबाला दिसायचीच नाही. तो वैतागला. नवा घेऊन देतो म्हणाला, तर तू अडून बसलीस. अंग चांगलं दणकट आहे, टाकायचं कशाला, कंपनीने फक्त त्याच्याकडे लक्ष द्यायचं सोडलंय, असं तू म्हणालीस. मला तुझं ते बोलणं फार आवडलं होतं. मी दोनदा मनूला सांगितलं.

तर रविवारी देविकाने मला ते पुन्हा नीट समजावून दिलं. राउटरच्या पोटात एक फर्मवेअर म्हणून असतं, त्याची अक्कलच म्हण. कंपनीने दिलेली जुनी अक्कल काढायची आणि नवी भरायची. ती नवी कोणी एका मालकाची नाही, देशोदेशीची माणसं आपापल्या घरी बसून लिहितात, चुका दुरुस्त करतात, आणि फुकट देतात, ज्याला हवी त्याने घ्यावी. मी विचारलं, त्यांना काय मिळतं मग. यशोधन हसला, म्हणाला, तुमच्या भजनी मंडळाला काय मिळतं. बरोबर बोलला. नव्या अकलेने राउटर गर्दीतून रिकामी वाट स्वतः शोधून घेतो आणि दुपारी गुंगत नाही, असं म्हणाला. फक्त एक भीती असते. बटण दाबल्यापासून पाच मिनिटं त्याची वीज जाता कामा नये. मधेच गेली तर जुनी अक्कल पुसलेली आणि नवी अर्धवट, मग तो डबा नुसती वीट होऊन बसतो. हे ऐकल्यावर मनूला काम मिळालं. तिने गॅलरीतून ओरडून आपल्या नवऱ्याला, रामदासभावजींना, खाली मीटरच्या पेटीपाशी उभं केलं, की पाच मिनिटं इथे चिटपाखरू येऊ द्यायचं नाही. भावजी गुडघ्याला पट्टा बांधून, काठी आडवी धरून उभे. सगळ्या मजल्यांवर बातमी, की रखमाकाकूंकडे ऑपरेशन आहे.

आता सगळी तयारी झाली, तर मनूच म्हणाली, गे रखमा, गाऱ्हाणं घाल. तुझ्या मित्रांना माहीत नव्हतं गाऱ्हाणं म्हणजे काय. मी सांगितलं, आमच्याकडे तळकोकणात कसलंही काम सुरू करायचं तर आधी नारळ ठेवून गावच्या देवाला उभ्याने सगळं सांगायचं, काय हवं ते मागायचं, आणि भोवतीच्यांनी व्हय महाराजा म्हणायचं. दोघांना फार गंमत वाटली. देविका तर मोबाइलवर घेते म्हणाली, मी नको म्हटलं. माझे वडील देवळात गाऱ्हाणं घालायचे, जुई. घालायच्या आधी दोन दिवस ते कोणाशी भांडत नसत, खोटं बोलत नसत. मी लहान असताना विचारलं होतं का म्हणून, तर म्हणाले होते, तिथं उभं राहून जो तोंडाने एक मागतो नि मनात दुसरं धरतो, त्याच्या मनातलंच देव ऐकतो. मी त्यांचं ऐकून ऐकून शिकले. मी नारळ ठेवला, पदर घेतला आणि सुरू केलं. ‘हे बा देवा म्हाराजा, ही पोरां परक्या घरची, म्हातारेच्या मदतीक धावली, तेंच्या हाताक येस दी रे म्हाराजा. ह्यो डबो बरो होव दी आणि माज्या झिलाक मी सदा दिसत रव्हां दी रे म्हाराजा.’ यशोधन आणि देविका हात जोडून मोठ्याने म्हणाली, व्हय महाराजा. किती गोड म्हणाली. मी मात्र शेवटच्या शब्दाला अडखळले. मनूला वाटलं मला भरून आलं.

पुढचं तुला फोनवर कळलंच. यशोधनने पिवळी वायर लॅपटॉपला जोडली, बटण दाबलं, दोघं पडद्यावर डोळे लावून बसली, मनू गॅलरीत भावजींवर नजर ठेवून. सहा मिनिटं झाली, दहा झाली, राउटरचा एकच दिवा लाल पेटलेला आणि बाकी सगळं मेलेलं. यशोधनने काय काय केलं, टाचणीने मागचं बटण दाबून धरलं, पुन्हा पुन्हा चालू केलं, घामाघूम झाला. शेवटी देविका हळूच म्हणाली, वीट झाली. लाइट तर गेलीच नव्हती, भावजी काठीवर हात ठेवून शपथ घेत होते. मग राहिलं काय, तर राउटरच्या पोटाखालच्या स्टिकरवर कितवी आवृत्ती लिहिलीय ते चुकीचं वाचलं गेलं आणि भलतीच अक्कल भरली गेली असणार, असं ठरलं. यशोधन म्हणाला, माझीच चूक असेल, मी जुईला सांगतो. आणि तू त्याला काय बोललीस ते त्याने मला सांगितलं नाही, पण तू मला फोनवर सांगितलंस ना, साधा स्टिकर वाचता येत नाही, अशा माणसाच्या हातात मी आजीचं घर दिलं, आता मी त्याच्याशी बोलणार नाही. मी ऐकून घेतलं. हो बाय म्हटलं. जुई, मी हो म्हटलं. तेव्हापासून घास गिळताना त्याचं तोंड समोर येतं.

निघताना मनू आणि देविका जिन्यापर्यंत पुढे गेल्या होत्या. यशोधन बूट घालायला दारात वाकला आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाला, ‘अहो आजी, पुढच्या वेळी मिक्सर त्या बोर्डला नका लावू हां. मी जुईला नाही सांगितलंय.’

म्हणजे त्याने बघितलं होतं. फडताळावरून राउटरची वायर खाली ओट्याजवळच्या बोर्डात येते, तिथे शेजारीच मिक्सरचा प्लग. मी नेमकी तिथे उभी. त्याला वाटलं म्हातारीने वाटण करायला चुकून राउटरचा प्लग काढला, लक्षात आल्यावर पटकन परत घातला, आणि घाबरून गप्प राहिली. म्हणून त्याने स्टिकरची चूक आपल्या अंगावर घेतली आणि तुझी बोलणी खाल्ली.

जुई, मिक्सर मी लावणार नव्हते. वाटण सकाळीच करून ठेवलेलं होतं. प्लग मी बघून, हाताने धरून काढला.

आता रागावू नको, पुढे वाच. बटण दाबल्यावर देविका मला खूश करायला म्हणाली, आजी, आता दुपारचा खंडसुद्धा पडायचा नाही, चोवीस तासांत एक मिनिट असं नसेल की काकांना तुम्ही दिसणार नाही. आणि माझा हात त्या प्लगवर गेला. कारण त्या दुपारच्या तीन तासांवरच मी गेले दोन महिने तगून आहे. मला चक्कर येते गं. आधी डोळ्यांपुढे पिवळं येतं, मग कानात शिटी वाजते, मग काळं. चार वेळा आली. तीन वेळा दुपारी जेवणानंतर, म्हणजे राउटर गुंगलेला असताना. मी ओट्याच्या कडेला सरकून लादीवर बसून राहायची, कधी अर्धा तास, एकदा चार वाजेपर्यंत. कोणी बघितलं नाही. मनूला नाही सांगितलं, ती लगेच बाबाला कळवेल. डॉक्टरकडे नाही गेले, तो कागदावर लिहून देईल आणि कागद बाबापर्यंत जाईल. मी देवाचे आभार मानत होते की राउटर नेमका तेव्हाच झोपतो.

चौथी सकाळी आली. कॅमेरा जागा होता. पिवळं दिसायला लागल्याबरोबर मला एकच सुचलं, त्याच्या नजरेतून बाहेर जायचं. आपल्या खोलीत त्याला न दिसणारी एकच जागा आहे, मोरी. मी भिंत धरत धरत मोरीत गेले आणि आतून कडी लावली. पुढचं आठवत नाही. जाग आली तेव्हा मी ओल्या लादीवर कुशीवर, कोपराला खोक, नळ चालू, बादली भरून वाहतेय, आणि बाहेर शोकेसवरच्या कॅमेऱ्यातून तुझ्या बाबाचा आवाज येतोय. आई. ए आई. आई, कुठे आहेस गं. किती वेळ हाका मारत होता कोण जाणे, आवाज लहान मुलासारखा झाला होता. मी पडल्या पडल्या ओरडले, आंघोळ करतेय रे, ओरडतोस काय. मग तो हसला. बरं म्हणाला. मी तशीच पडून होते. हात वर केला तरी बराच वेळ कडीपर्यंत पोचेना. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की कल्याणच्या ज्या बंद दाराला मी भीत होते, तसंच दार मी इथे माझ्या हाताने लावून घेतलंय, आणि या दारावर मनू थाप मारायची नाही, कारण तिने मला सात वाजता गॅलरीत बघितलेलं आहे. मला मरणाची भीती नाही असं बाकीच्या म्हाताऱ्या सांगतात ना, त्या खोटं बोलतात.

हे सगळं डोक्यात असताना मी रविवारी देवासमोर उभी राहून मागितलं की मी झिलाला, म्हणजे तुझ्या बाबाला, सदा दिसत राहू दे. मनात होतं की नको दिसू दे. आणि बघ, देवाने कुठलं ऐकलं. माझाच हात घेतला त्याने. दोन सेकंदांचं काम होतं. मला वाटलं होतं राउटर पूर्वीसारखाच राहील, नवी अक्कल लागणार नाही, दुपारचे तीन तास माझे मला राहतील. वीट होण्याचं सांगितलं होतं त्यांनी, पण त्या क्षणी मला काहीच आठवलं नाही, नुसता तो प्लग दिसत होता. आता सकाळ नाही, दुपार नाही, बाबाला काहीच दिसत नाही. तो दिवसातून तीनदा मनूला फोन करून विचारतो, आई दिसली का. नवा राउटर नको म्हणतो, आता आईलाच आणतो. तू त्याच्याकडून रविवारपर्यंतची मुदत मागून घेतलीस, नाहीतर सोमवारी गाडी येणार. तू माझ्यासाठी बाबाशी भांडतेस, यशोधनशी अबोला धरतेस, आणि ज्याच्यासाठी भांडतेस ते मीच मोडून ठेवलंय.

हे फोनवर बोलले असते, पण मनूच्या नि माझ्या मधल्या भिंतीतून कुजबुजसुद्धा जाते, आणि तुझा आवाज ऐकला की मी पुन्हा हो बाय म्हणून फोन ठेवला असता. म्हणून सोमवारपासून दुपारी बसून हे लिहितेय, आज बुधवार. आता परळच्या पोस्टात स्पीड पोस्टाने टाकते, पुण्याला तुझ्या होस्टेलवर शुक्रवारी मिळेल असं तिथल्या बाईने सांगितलंय. माझ्या तीन मागण्या आहेत, नाही, दोनच. यशोधनशी बोल, आज बोल, तो चुकलेला नाही. आणि तू ये. तो म्हणतो राउटर उघडून आत तीन तारा जोडल्या की मेलेला जिवंत करता येतो, त्याची केबल लॅमिंग्टन रोडवर मिळते. करेल तो, त्याच्या हाताला गुण आहे. पण ती पाच मिनिटं पुन्हा येतील आणि मी पुन्हा त्या बोर्डापाशी उभी असेन, आणि मला माझा भरवसा नाही गं. तू शेजारी बस आणि माझे दोन्ही हात धर. त्याचे दिवे लागले, कॅमेरा जागा झाला, की बाबाला फोन लाव, मी कॅमेऱ्याकडे तोंड करून चकरेचं सगळं त्याला माझ्या तोंडाने सांगेन. मग तो नेतो की ठेवतो ते ठरवू दे. फक्त मोरीतून उत्तर द्यायची वेळ माझ्यावर पुन्हा येऊ नये. ती दोघं भावंडं येत्या रविवारी सकाळी दहा वाजता येतो म्हणालीत, केबल घेऊनच.

तुझी वाट बघणारी, तुझीच,
रखमाआजी